उस्तादांनी पास केलेली सीट

३ डिसेंबर, बुधवार

ही वही पुरावा म्हणून सुरू करतो आहे. उद्या उस्ताद म्हणाले की मी असं काही बोललोच नव्हतो, तर तारीख-वार दाखवता यावा. ते असं म्हणतात. अकरा वर्षांचा अनुभव आहे.

उस्ताद म्हणजे माझे सासरे. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणतात आणि तेही म्हणतात. दुकान त्यांचं, मागचं घर त्यांचं, माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. मी घरजावई. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल माझं, तिथे मी हॉर्न, दिवे, टेप यांच्या वायरी जोडतो. गिऱ्हाइकासमोर उस्ताद मला 'आमचे वायरमन' म्हणतात आणि घरात 'जावईबापू'. दोन्हींत मान कुठेच नाही.

आज मी गरम सीटचा विषय काढला. थंडी एवढी पडली आहे की सकाळी गाडीत बसायचं म्हणजे अंगावर काटा येतो. नव्या गाड्यांत सीट तापवायची सोय असते. जुन्या गाडीत ती मागाहून बसवता येते. कव्हर काढायचं, फोमवर तापणारे पॅड चिकटवायचे, वायर ओढायची, समोर एक बटण द्यायचं. आमच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई आहेत, त्यांची कंबर धरते, त्या दोनदा विचारून गेल्या. पॅडचा एक संच मी मागवूनही ठेवला आहे.

उस्ताद म्हणाले, "सीट बसायला असते, जावईबापू. तापवायला चूल असते."

मी हट्ट सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. आधी माझ्या गाडीत बसवा. मी बसून पास केली, तर त्या दिवशी दुकानाची किल्ली तुमच्या हातात. मी घरात बसतो. नाही पास झाली, तर कोपऱ्यातलं टेबल आणि तुम्ही. पुन्हा हा विषय नको."

बायको मशीनवर होती. तिने हे ऐकलं आहे, म्हणजे साक्षीदारही आहे.

बसून पास करणं ही या दुकानाची रीत. उस्ताद बसल्याशिवाय एकही सीट बाहेर जात नाही. डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून ते शंभर आकडे मोजतात. मग सांगतात, डावीकडे सुरकुती आहे, मागे शिवण टोचते आहे. नापास असेल तर सीटच्या पोटाला खडूने फुली, पास असेल तर गोल. त्या गोलासाठी लोक लांबून येतात. सगळी कव्हरं बायकोच शिवते, तरी तिलाही सूट नाही. पूर्वी तिला क्वचित फुली मिळायची, हल्ली दोनेक वर्षांत जवळजवळ प्रत्येक कव्हरला मिळते. ती मुकाट्याने कव्हर आत नेते, उसवते, तासाभराने परत आणते, मग गोल. एकदाही वाद घालत नाही. तिचं हे गरीब गाईसारखं वागणं मला आवडत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढली. उस्ताद आता तिथेच बसतात, कारण गेल्या वर्षी ब्रेकऐवजी भलतंच दाबून त्यांनी गाडी आपल्याच शटरवर घातली. "चप्पल निसटली," म्हणाले. तेव्हापासून गाडी मी चालवतो. घरजावयाला ड्रायव्हरकीही आली.

कव्हर फोमला लोखंडी कड्यांनी आवळलेलं असतं. त्या एकेक कापून काढाव्या लागतात. उस्ताद डोक्यावर उभे होते. "फोमला ओरखडा नको. हळू. हे तुमचं हॉर्नचं काम नाही." मग इकडून तिकडे फेऱ्या घालू लागले आणि फरशीवर टक टक आवाज येऊ लागला. मी म्हणालो, "उस्ताद, नाल ठोकून घेतली का?"

त्यांनी पाय उचलून पाहिला. सीटला मारायचा खिळा चप्पलेतून आरपार गेला होता, चप्पल आतून लाल झाली होती. त्यांनी पक्कड मागितली, लाकडातून उपटावा तसा खिळा उपटला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काम केलेल्या माणसाच्या पायाला घट्टे असतात, जावईबापू. तुमचे पाय बघा एकदा." दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली.

बायकोने पाणी आणून त्यांचा पाय धुतला. मान वर केली नाही. सकाळी त्यांच्या पॅन्टा वेगळ्या भिजवल्या होत्या, त्याही तिनेच धुतल्या. रोज धुते. म्हातारा चहा सांडतो म्हणे.

९ डिसेंबर, मंगळवार

आज काम पुरं झालं आणि स्वतःचं कौतुक इथे नाही करायचं तर कुठे करायचं? बॅटरीची तार आधी सोडली. पाठीला एक पॅड, बैठकीला एक पॅड. फ्यूज वेगळा, रिले वेगळा, गाडीची चावी फिरवल्याशिवाय करंट नाही. गालिच्याखालून वायर अशी नेली की शोधून दाखवा. प्रत्येक पॅडमध्ये बटणाएवढा थर्मोस्टॅट असतो. एक्केचाळीस अंशांना तो करंट तोडतो, गार झालं की पुन्हा जोडतो. तापमानाच्या बंदुकीने चार जागी मोजलं, पाठ एक्केचाळीस, बैठक एक्केचाळीस.

बायकोला बसवलं. तिने डोळे मिटले आणि पाठ मागे टेकली. मग म्हणाली, "उठावंसंच वाटत नाही हो." इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल या घरात कोणी एवढं बोललं नव्हतं. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

उठताना ती म्हणाली, "झालं ना आता? तुम्ही बसून बघितलंत, मी बघितलं. वकीलबाईंना बोलवा."

"आणि उस्ताद?"

"तुमच्या बुडाला काय झालंय? तुम्हाला कळतं की गरम आहे ते."

वडिलांना माझं काम दाखवायलाही तिला लाज वाटते, असा याचा अर्थ. मी ऐकलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

नापास.

उस्ताद बसले. वकीलबाई नेमक्या आलेल्या, त्याही बघत होत्या. डोळे मिटून शंभर आकडे. मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो.

"पाठ गरम आहे," ते म्हणाले. "बैठक थंड."

"थंड कशी असेल? हात लावून बघा."

"सीट हाताने पास करतात का? मग बूड कशाला दिलंय?" वकीलबाईंकडे वळून म्हणाले, "आमच्या वायरमनने अर्धी सीट तापवली आहे. उरलेली अर्धी पुढच्या थंडीत." बाई हसल्या. खाली वाकून उस्तादांनी फुली मारली.

ते गेल्यावर मी बैठकीवर हात ठेवला. गरम होती. मी बसलो. गरम होती.

११ डिसेंबर, गुरुवार

पण उस्ताद खोटं कशाला बोलतील? पाठ गरम आहे हे तर कबूल केलंच की. मत्सरच असता तर दोन्ही थंड म्हणाले असते. म्हणजे बैठकीच्या पॅडमध्येच खोट असणार, बसल्यावर वजनाने कुठेतरी जोड सुटत असणार. पुन्हा कड्या कापल्या. पॅड बदलला, जोड नव्याने केले, वर माझ्या वजनाने दहा मिनिटं बसलो. एक्केचाळीस.

बायको म्हणाली, "मी सांगते बाबांना पास करायला. माझं ऐकतील ते."

मी म्हणालो, "भीक नकोय मला."

"भीक नाही हो. नुसतं म्हणतील पास. तेवढंच तर पाहिजे ना तुम्हाला?"

हिला कळतच नाही. मला त्या माणसाच्या तोंडून खरं ऐकायचं आहे. बसून, डोळे मिटून, शंभर मोजून.

१३ डिसेंबर, शनिवार

"पाठ गरम. बैठक थंड."

आज शेजारचा टायरवाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकं होती. मी आवाज चढवला. म्हणालो, उस्ताद, बंदूक एक्केचाळीस दाखवते, हा घ्या आकडा. ते सीटवरून उठले, शांतपणे कपडे झटकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आकडा बसतो का सीटवर? माणूस बसतो. अकरा वर्षं या माणसाला पोसतोय मी. मुलगी दिली, ताट दिलं, टेबल दिलं. एवढंच मागितलं की बुडाखाली ऊब दे. तेही जमेना."

टायरवाला दुसरीकडे बघू लागला. मी फुली मारलेली सीट उचलून आत आणली. कान अजून तापलेले आहेत. त्यांना पॅडची गरज नाही.

आता मला वाटतं, त्यांना मुद्दामच पास करायचं नाही. पाठ गरम म्हणायचं आणि बैठक थंड म्हणायचं, म्हणजे खोटं अर्धंच दिसतं. किल्ली सोडवत नाही म्हाताऱ्याला. मला त्यांचा इतका राग आला की जेवलो नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि सगळा उलगडा झाला.

उस्तादांच्या आंघोळीची बादली मी चुकून उचलली. ते त्यातून दोन तांबे घेऊन झालेले होते. मी बोटं घातली आणि ओरडलो. एवढं कढत पाणी हा माणूस अंगावर घेतो! बायको धावत आली, माझ्या हातातून बादली घेऊन गार पाणी ओतू लागली. म्हणाली, "मीच विसरले आज विसण घालायला." रोज हीच घालते वाटतं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की म्हाताऱ्याचं कातडंच जाड. खिळा घुसला तरी टक टक चालत होता. अशा माणसाला एक्केचाळीस म्हणजे काय लागणार? त्यांना जास्त पाहिजे.

म्हणजे ते खोटंही बोलत नव्हते आणि माझं कामही चुकलं नव्हतं. बरं वाटलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

बैठकीच्या पॅडमधला थर्मोस्टॅट काढला आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना थेट जोडल्या. आता मध्ये तोडणारं कोणी नाही. पाठीच्या पॅडला हात लावला नाही, तो पास आहे. वीस मिनिटांनी मोजलं, अठ्ठावन्न. मी बसलो आणि तीन मिनिटांत उठलो.

असं कायम ठेवायचं नाही, एवढं मला कळतं. वकीलबाईंना एक्केचाळीसच देणार. हे फक्त उस्तादांसाठी, फक्त एकदा. उद्या डोळे मिटून बसतील आणि पन्नासच्या आत टुणकन उडी मारतील. ती उडी मला बघायची आहे. बायकोला सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

पास! पास! पास!

नीट लिहितो. मी म्हणालो, उस्ताद, दुकानात शंभर आकडे मोजून गरम सीट कळत नाही, चालत्या गाडीत बसा. ते म्हणाले, "चला, फोमच्या गोदामावर जाऊन येऊ." गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. बायको दारात आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे बसा, पाय लांब करता येतील." उस्ताद म्हणाले, "परीक्षा पुढच्या सीटची आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी आरसा नीट करत होतो.

दहाव्या मिनिटाला सिग्नलला विचारलं, "कसं काय उस्ताद?"

"पाठ छान आहे."

"आणि बैठक?"

"थंड."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हात गुडघ्यांवर, चेहरा दगडासारखा. मला वाटलं, हा माणूस आहे की कोण? मी बंद करणार होतो, खरंच बटणापर्यंत हात गेला होता. पण मग वाटलं, नाही. आज कोण हरतं ते बघूच. त्याला सोसायचंच असेल तर सोसू दे. विसाव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. "थंड." गोदामाशी पोचलो तर उतरलेही नाहीत. "फोम नंतर घेऊ. फिरवा गाडी."

परतीच्या वाटेवर मी गिअर बदलताना सीटच्या कडेला बोट लावून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं. उस्ताद माझ्या बोटाकडे बघत होते. मग माझ्या तोंडाकडे. मला घाम फुटला होता. थोडा वेळ ते समोर बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "हां. आता लागतेय."

"काय म्हणालात?"

"आता बरोबर आहे. अशी पाहिजे बैठक. हे काम आधीच करायला काय झालं होतं?"

मला रस्ता दिसेना, डोळे असे भरले. पन्नास मिनिटं झाली होती. दुकानाशी उतरले, वाकून सीटच्या पोटाला गोल काढला, सगळ्यांच्या देखत खिशातली किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पाठ थोपटली. म्हणाले, "आमच्या जावयाने केलंय काम." वायरमन नाही, जावईबापू नाही. जावई. टायरवाल्याने ऐकलं.

बायकोने माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलंही नाही. उस्तादांच्या मागे मागे आत गेली. ते म्हणाले, "मागे मागे काय येतेस? मी काय लहान आहे?" आणि दार लावून घेतलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दुकान माझ्या हाताने उघडलं. थर्मोस्टॅट परत जोडायला बसणार, तेवढ्यात बायकोची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

उस्ताद पालथे पडले होते. चादर ओली. कालचीच पॅन्ट अंगात होती, ती निघेना. बायकोने शिवणाची कात्री आणून ती कापली. मांड्या आणि मागची बाजू पॅडच्या आकारात भाजलेली. मी जास्त लिहीत नाही. उस्ताद मान वळवून विचारत होते, "काय झालंय गं? काय बघताय एवढं?"

त्यांना माहीतच नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांनी माझ्यासमोर सुई घेतली. तळपाय, पोटरी, मांडीची मागची बाजू. सुई टोचत ते विचारत होते, "लागतंय?" आणि उस्ताद प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते. मग डॉक्टरांनी सुई खिशात ठेवली आणि नुसतंच विचारलं, "आता लागतंय?" उस्ताद म्हणाले, "हो."

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, कमरेतली नस दबलेली आहे, त्यात साखर. दोन-अडीच वर्षं तरी खाली काही कळत नसणार. कपडे खराब होत असतील, कोणाच्या लक्षात नाही आलं? मी म्हणालो, नाही. त्यांनी विचारलं, भाजलं कशाने?

मी तोंड उघडायच्या आत आतून उस्ताद ओरडले, "गरम पाण्याची पिशवी फुटली!" मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "सीटचं नाव काढायचं नाही. उस्तादला सीटने भाजलं, हे बाहेर गेलं तर मी मेलो. तुम्ही दुकान सांभाळा." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. डॉक्टरांच्या कागदावर पाण्याची पिशवी लिहिलेली आहे.

बायकोने विचारलं, सीट एवढी कशी तापली? मी म्हणालो, पॅडच सदोष निघाला, कंपनीचा माल. तिने जेवणाचं उष्टं आवरलं. मग डबा धुवायला गेली.

संध्याकाळी थर्मोस्टॅट परत जोडला. एक्केचाळीस.

२९ डिसेंबर, सोमवार

दुसऱ्यांदा कातडी लावली, धरली नाही. साखरेमुळे जखम भरत नाही. उस्ताद नर्सना दवाखान्यातल्या गाद्यांच्या शिवणी कशा चुकल्या आहेत ते सांगतात. गाल टेकवून सांगतात, दुसरं काही टेकवता येत नाही.

मला वाईट वाटतं. पण एक विचार पाठ सोडत नाही आणि तो इथे लिहिलाच पाहिजे. त्यांना काहीच कळत नव्हतं, तर मग मला पास केलं ते कशावर? माझी पाठ थोपटली ती कशाबद्दल? तो गोल खरा की खोटा, हे विचारायला मी दोनदा त्यांच्या खाटेशी गेलो आणि औषधाची वेळ विचारून परत आलो.

११ जानेवारी, रविवार

उस्तादांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण यापुढे बसणं नाही. पालथं किंवा कुशीवर. दुकानामागच्याच खोलीत खाट टाकली आहे, मशीनचा आवाज ऐकू येतो तिथे. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून असतात. बायको कव्हर शिवते, मध्येच उठून त्यांचं अंग पुसते, पुन्हा मशीनवर बसते.

वकीलबाईंचा निरोप आला. सीट लवकर हवी आहे, कंबर फार धरली आहे.

२० जानेवारी, मंगळवार

आज दुकानात माझ्या हातून पहिली सीट पास झाली. सगळं लिहून ठेवतो.

वकीलबाई आल्या होत्या. पॅड मी बसवले, थर्मोस्टॅटसकट, मोजून एक्केचाळीस. वरचं कव्हर बायकोने नवं शिवलं, करडं, दुहेरी शिवणीचं. बाई म्हणाल्या, "उस्ताद नाहीत, मग पास कोण करणार?" मी म्हणालो, "मी." आणि बसलो. डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. खालून ऊब यायला लागली. सीट उत्तम होती. सुरकुती नाही, कुठे काही टोचत नाही. चाळीस-पन्नासपर्यंत आल्यावर मला वाटलं, लगेच पास म्हटलं तर बाईंना वाटेल याला काही कळत नाही. उस्ताद पहिल्या फटक्यात पास म्हणायचे नाहीत, म्हणून तर त्यांच्या गोलाला किंमत होती.

शंभर झाल्यावर मी डोळे उघडले. म्हणालो, "उजवीकडे मांडीखाली शिवण टोचते आहे. उसव."

बायको मशीनपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. कड्या काढून कव्हर घेतलं आणि आत गेली. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही तर उस्तादांसारखेच!" मला बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग.

तासाभराने तिने कव्हर आणून चढवलं. मी पुन्हा बसलो, शंभर मोजले आणि म्हणालो, "आता बरोबर." गोल काढला. बाई खूश होऊन गाडी घेऊन गेल्या.

मी तिला म्हणालो, "आता फरक जाणवला की नाही? काय केलंस उजवीकडे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"आत नेऊन खुंटीला अडकवलं. बाबांना कूस बदलून दिली, चहा पाजला. मग तेच परत आणलं. एक टाका हलवला नाही."

मला हसू आलं. म्हणालो, "म्हणजे मला बनवलंस!"

ती धाग्याचं रीळ गुंडाळत होती. म्हणाली, "बाबांनाही असंच करायची. अडीच वर्षं. ते म्हणायचे उसव, मी आत नेऊन ठेवायची, तासाभराने तेच आणून द्यायची. ते म्हणायचे, आता बरोबर."

मला कळायला वेळ लागला.

"तुला माहीत होतं?"

"त्यांचे कपडे कोण धूत होतं?"

"मग मला का नाही सांगितलंस? मी रोज ती सीट उघडत होतो, रोज! एक शब्द बोलली असतीस..."

"काय केलं असतंत तुम्ही?" ती शांत होती. उस्तादांची मुलगी आहे. "दुसऱ्या दिवशी टायरवाल्याला बोलावलं असतं, वकीलबाईंना बोलावलं असतं, बाबांना सीटवर बसवलं असतं आणि सगळ्यांसमोर विचारलं असतं, सांगा उस्ताद, गरम की गार?"

मी अगदी हेच केलं असतं. बटण बंद ठेवून केलं असतं.

ती म्हणाली, "मी गप्प बसले, म्हणून बाबा असे झाले. ते मी रोज पुसते. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत. मला पॅडच्या कंपनीचं पुन्हा सांगू नका."

आतून उस्तादांनी विचारलं, "काय झालं गं? पास झाली का सीट?"

"झाली, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बसल्यावर."

"मग बरोबर," उस्ताद म्हणाले.

तिने रीळ डब्यात ठेवलं, उद्याच्या कव्हरचं रेक्झिन टेबलावर पसरलं आणि माप घेता घेता, वर न बघता मला विचारलं, "उद्याचं पहिल्यांदाच पास करणार आहात, की दुसऱ्यांदा? तसा तासभर धरून ठेवते."